विडी कामगारांचे वृत्तपत्रवाचन

केरळातील कण्णूरच्या विडी कारखान्यांत पूर्वी एक कामगार मोठ्याने वृत्तपत्र वाचीत असे व इतर जण विड्या वळता वळता ऐकत. हात गुंतलेले, कान मात्र मोकळे! मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. म्हणजे वाचणाऱ्याची मजुरी बुडणारच. ती बुडू नये म्हणून सोबती त्याच्या वाट्याच्या विड्या वळून देत. ज्याला अक्षरओळख नव्हती, तोही अशा रीतीने वृत्तपत्राचे मोल स्वतःच्या श्रमाने चुकते करी. साहजिकच, बातमीवर वाद घालण्याचा त्याचा अधिकारही तितकाच पक्का! १९६६ च्या विडी कामगार कायद्याच्या अंमलबजावणीपायी बड्या मालकांनी कारखाने बंद केले, तेव्हा बेकार झालेल्या कामगारांची ‘दिनेश बीडी’ ही सहकारी संस्था १९६९ मध्ये राज्य सरकारच्या साहाय्याने उभी राहिली. तिच्या कामाच्या जागीही हे वाचन चालू राहिले.