माजी सैनिकाच्या घरची फाईल



मी बचत गटांची समन्वयक. माण-खटाव भागातल्या गावांत माझं फिरणं असतं. आपल्या सातारा जिल्ह्यात फौजेची रीत जुनी आहे. आपशिंग्याच्या नावाला तर 'मिलिटरी' हा शब्दच जोडला गेलाय. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे 46 जवान कामी आले. पाऊस कमी, रान कोरडवाहू, म्हणून एक भाऊ शेतावर आणि एक फौजेत, असं घरोघरी चालत आलं. पोरगं भरती झालं की गाव पेढे वाटतं. शहीद झालं तर अख्खा तालुका लोटतो. पण जो नोकरी पुरी करून, नाहीतर मध्येच सोडून, काळी ट्रंक घेऊन एसटीतून उतरतो, त्याचं पुढं काय होतं? आज त्याच्याबद्दल आणि त्याच्या घरातल्या बाईबद्दल बोलायचंय.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. शाळेतले गुरुजी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतात. आपला जवान पस्तिशी-चाळिशीतच घरी येतो. पोरं शाळेत असतात, आईबाप थकलेले असतात, घराचं कर्ज डोक्यावर असतं. इतकी वर्षं तो वर्षाकाठी दोन-तीन महिने सुट्टीवर यायचा आणि पाहुण्यासारखा राहायचा. घर, जनावरं, पोरांची शाळा, सासू-सासऱ्यांचं दुखणं सगळं बायकोनं एकटीनं रेटलेलं असतं. आता तो कायमचा येतो आणि पहाटे पाचला सगळ्यांना उठवतो. चपला रांगेत का नाहीत म्हणून ओरडतो. बाई म्हणते, इतकी वर्षं मी चालवलं ते काय चुकीचं चालवलं? तो म्हणतो, या घरात माझं कोण ऐकतच नाही. खरं तर दोघंही बरोबर असतात. असं घर तुमच्या शेजारी असेल, तर "फौजी डोक्यानं गेला" असं हसण्यावारी नेऊ नका. त्याला काम द्या. शाळेच्या कमिटीत घ्या, भरतीच्या पोरांना पळवायला सांगा, गटाच्या हिशेबाला बसवा. हाताला काम लागलं की माणूस लवकर रुळतो.

आता मुख्य विषयाकडं येते. माजी सैनिक रस्त्यावर कसा येतो? सरकार पगार देतं, पेन्शन देतं, मग देवळाच्या ओसरीवर झोपायची पाळी का येते? मी गावोगाव पाहिलं, त्याची कारणं तीनच निघतात.

पहिलं कारण घर-जमिनीचं. जवान मनिऑर्डर पाठवत राहिला. त्या पैशांत घर झालं, विहीर झाली, पण नाव कुणाचं लागलं? वडिलांचं, नाहीतर थोरल्या भावाचं. वडील गेले, वाटण्या झाल्या, आणि फौजी आल्यावर त्याला कळलं की आपल्या नावावर एक खोलीसुद्धा नाही. भावकीशी भांडायचं त्याच्या जिवावर येतं. तेव्हा ज्यांचा नवरा, मुलगा आज नोकरीत आहे, त्यांनी याच महिन्यात सातबारा आणि ग्रामपंचायतीचा नमुना 8 काढून बघा. घर त्याच्या पैशाचं असेल तर त्याचं नाव तिथं पाहिजे, आणि जोडीला बायकोचंही पाहिजे. ते नोकरीत असतानाच करून घ्या, तेव्हा सगळ्यांची मनं गोड असतात.

दुसरं कारण पेन्शन नसण्याचं. शिपाई-हवालदाराला साधारण 15 वर्षं नोकरी झाली तरच पेन्शन बसते. आईबाप आजारी पडले म्हणून कुणी नवव्या वर्षी, कुणी बाराव्या वर्षी नाव कापून आलं. त्यांना पेन्शन नाही. जवानी होती तोवर मोलमजुरी केली, वॉचमनकी केली. म्हातारपणी हात थांबला की घरातली किंमतही थांबते. यांच्यासाठी केंद्रीय सैनिक बोर्डाचं अनुदान आहे. वय 65 च्या पुढं, पेन्शन नाही, हुद्दा हवालदार किंवा त्याखालचा, अशा माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला ते मिळू शकतं. आधी महिना 4,000 रुपये होते. नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांना महिना 8,000 रुपये ठरलेत, तेही हयातभर. अर्ज आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जातो.

एका वस्तीवरचे आजोबा आमच्या गटातल्या बायकांना रोज मारुतीच्या देवळात दिसायचे. पुतण्याच्या घरी जेवायचे आणि देवळात झोपायचे. ते फौजेत होते हे नव्या पोरांना माहीतच नव्हतं. एका ताईनं चहा देताना विचारलं, तेव्हा त्यांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक काढलं. कडा उंदरांनी खाल्लेल्या, पण नंबर वाचता येत होता. त्या नंबरावर पुढचं काम झालं. अनुदान यायला वेळ लागला. पुतण्याचं घर काही त्यांना मिळालं नाही, पण आता ते गावातच एका खोलीत भाड्यानं राहतात आणि डब्याचे पैसे स्वतः देतात. त्यांच्या तोंडून एकच ऐकलं, "आता कुणाच्या ताटाकडं बघावं लागत नाही."

तिसरं कारण कागदांचं. हे आपल्या बायकांच्या सगळ्यात जवळचं आहे. लग्नात आपलं नाव बदलतात. माहेरची सुमन सासरी लक्ष्मी होते. फौजेच्या कागदावर एक नाव, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. जन्मतारखेचं तर बोलूच नका, मास्तरांनी निम्म्या गावाची एक जून लावलीय. नवरा जिवंत असेपर्यंत काही अडत नाही. तो गेला की फॅमिली पेन्शन अडते. कारण कागद म्हणतो, ही बाई ती नव्हेच. बाई दोन-चार खेपा घालते, दिवसाचा रोज बुडतो, एसटीला पैसे जातात, आणि शेवटी "माझ्या नशिबातच नाही" म्हणून बसते. 1965 आणि 1971 च्या लढायांत होते त्यांच्या घरच्या कितीतरी आज्या आज सत्तरी-ऐंशीच्या आहेत. सही येत नाही, मुलगा पुण्या-मुंबईला असतो. पैसा त्यांच्या हक्काचा आहे, फक्त एका नावाच्या फरकानं अडकलाय.

म्हणून नवरा हयात असतानाच पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ, उघडून बघा. त्यात बायकोचं नाव आहे का? स्पेलिंग आधारशी जुळतं का? जन्मतारीख जुळते का? दुसरं लग्न झालं असेल तर ते कळवलंय का? फरक असेल तर दुरुस्ती त्याच्या रेकॉर्ड ऑफिसकडून होते. मराठा लाईट इन्फंट्रीचं बेळगावला आहे, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. तुम्हाला स्वतः तिथं जावं लागत नाही. जिल्हा कार्यालयात गेलात की कोणतं प्रतिज्ञापत्र, कोणते दाखले लागतील ते सांगतात.

आणि हयातीचा दाखला! तो दरवर्षी द्यावाच लागतो. गावातल्या सेवा केंद्रात आधार आणि अंगठ्यावर होतो. चुकला की पेन्शन थांबते. म्हातारीला वाटतं सरकारनं बंद केली, आणि ती कुणाला विचारतही नाही. असं झालं असेल तर दाखला द्या, पेन्शन परत सुरू होते.

पैशाबद्दल थोडं सांगते. घरी येताना फंड, ग्रॅच्युइटी आणि पेन्शनचा काही भाग विकून आलेली रक्कम एकदम हातात पडते. विकलेला भाग 15 वर्षांनी परत चालू होतो, तोवर पेन्शन कमी येते. हे बायकोला माहीत पाहिजे. रक्कम आली की दामदुपटीवाले आणि नातेवाईक वास काढत येतात. आमच्या गटांत एक साधा नियम सांगतो: पहिले सहा महिने पैसे पोस्टात नाहीतर सरकारी बँकेत ठेवायचे, कुणाला जामीन राहायचं नाही, आणि ट्रॅक्टर-जीप घ्यायच्या आधी दोघांनी मिळून वहीवर हिशेब मांडायचा. नोकरीच हवी असेल तर राज्य सरकारच्या क आणि ड वर्गाच्या भरतीत माजी सैनिकांना 15 टक्के जागा आहेत. पुण्याचं माजी सैनिक महामंडळ, म्हणजे मेस्को, सुरक्षारक्षकाची कामं देतं.

आता जे बोलायला जड जातं तेही बोलते. कॅन्टीनच्या कार्डावर दारू स्वस्त मिळते. रिकामा वेळ आणि स्वस्त बाटली, घर बुडायला एवढं पुरतं. पण सगळेच हौसेनं पीत नाहीत. काहींना झोप लागत नाही. लग्नातल्या फटाक्यानं दचकतात, दिवसचे दिवस बोलत नाहीत. सोबतचे गेलेले डोळ्यांसमोर येतात. मन जखमी असतं, आणि त्याला औषधोपचार आहे. मनाच्या त्रासासाठी 14416 हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. व्यसन सोडवण्यासाठी 14446 आहे. पेन्शनधारकाला आणि त्याच्या बायकोला ईसीएचएसच्या दवाखान्याचं कार्ड काढता येतं. आणि तायांनो, तो फौजी आहे म्हणून मार सहन करायचा नाही. त्याच्या दुखण्याला उपचार मिळाले पाहिजेत, तसं तुमच्या जिवालाही संरक्षण मिळालं पाहिजे. 181 आणि 112 हे नंबर पाठ ठेवा.

मग गटानं काय करायचं? पुढच्या मासिक बैठकीत अर्धा तास काढा. एक वही घ्या आणि गावातल्या माजी सैनिकांची व सैनिकांच्या विधवांची यादी करा. प्रत्येक घरी दोघीजणी जाऊन पाच गोष्टी विचारा. डिस्चार्ज बुक कुठं आहे? पेन्शन येते का? बायकोचं नाव कागदावर बरोबर आहे का? जिल्हा कार्यालयात नोंद आणि ओळखपत्र आहे का? राहायला स्वतःची जागा आहे का? ज्या घरात उत्तर 'नाही' येईल, तिथून काम सुरू करा. बारावी झालेली एखादी पोरगी अर्ज लिहायला घ्या, एसटीचं भाडं गटाच्या निधीतून द्या. एकट्या बाईला "उद्या या" म्हणतात, चौघी गेल्या की खुर्ची देतात, हा माझा अनुभव आहे. घरपट्टीचंही विचारा, 2020 पासून राज्यात माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना एका घराची घरपट्टी माफ आहे. ती घेतली जात असेल तर ग्रामसभेत विषय मांडा. वकिलाची गरज पडली तर बाईला तालुका विधी सेवा समितीकडून मोफत मिळतो.

अजून एक गोष्ट दारात येऊन उभी आहे. 2022 पासून आपली पोरं अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी जातायत. योजनेप्रमाणे चौघांतला जास्तीत जास्त एक पुढं कायम होणार. बाकीचे ऐन तरुण वयात सुमारे 11 लाख 71 हजार रुपये घेऊन, पेन्शनविना परत येणार. पहिली पोरं 2026 च्या अखेरीपासून येतील. त्यांच्या आया आपल्याच गटांत आहेत. तो पैसा आणि ती पोरं दोन्ही सांभाळायची तयारी आत्तापासून करा. त्याला शिक्षण कुठं पुरं करता येईल, कुठला धंदा जमेल, हे तो सुट्टीवर येईल तेव्हाच बोलून ठेवा.

दरवर्षी 7 डिसेंबरला ध्वजदिन येतो, पोरं छातीला छोटा झेंडा लावून पैसे गोळा करतात. त्या निधीतूनच या लोकांना मदत जाते, तेव्हा डबा समोर आला की मोकळ्या हातानं टाका. आणि 15 ऑगस्टला माजी सैनिकाला हार घालाल, त्याच दिवशी त्याच्या घरी जाऊन म्हणा, "भाऊ, ती ट्रंक जरा उघडा, कागद बघू."

यादी झाली की मला कळवा. कोणत्या गावात किती घरं निघाली, किती कागद मार्गी लागले, ते पुढच्या वेळी याच रेडिओवर सांगू. नमस्कार.