बंद होण्यास रेंगाळणारा संगणक

आमच्या घरचा संगणक बंद होण्यास अडीच मिनिटें घेऊं लागला, तेव्हां कंटाळून मीं एकदां भिंतीवरील बटणच दाबलें. नातीच्या निबंधाची फाईल त्यांत बिघडली, आणि तिनें दोन दिवस माझ्याशीं अबोला धरला. मग मात्र मीं रीतसर शोध आरंभिला.

शाळेची शेवटची घंटा झाली, कीं बहुतेक मुलें दप्तर आवरतात. एखादाच पाटी शोधीत बसतो. येथेंही तसेंच आहे. विंडोज प्रत्येक प्रोग्रॅमला आवरतें घेण्यास सांगते. जो ऐकत नाहीं त्याचें नांव पडद्यावर येतें. तें टिपून घ्यावें. आमच्याकडील नांव निघालें एका प्रिंटरच्या प्रोग्रॅमचें. तो प्रिंटर आम्हीं केव्हांच मोडींत काढला होता! प्रोग्रॅम काढून टाकतांच विलंब दीड मिनिटावर आला.

तरीही दीड मिनिट कां? स्मृति अपुरी पडल्यास संगणक कांहीं मजकूर डिस्कवरील एका राखीव फाईलींत ठेवतो. बंद होतांना ती पुसण्याची सोय आमच्या एका हौशी स्नेह्यांनीं चालू करून ठेविली होती. ८ गिगाबाइटांची फाईल. जुनी डिस्क सेकंदास सुमारें १०० मेगाबाइट लिहिते. म्हणजे ८० सेकंद झालेच. गुप्त कागदपत्रें बाळगणाऱ्यांस ही सोय ठीक. पेन्शनरास कशास हवी?

आतां बारा सेकंदांत पडदा काळा होतो. अपडेट चालू असेल त्या दिवशीं मात्र वेळ लागतो. त्या दिवसांसाठीं भिंतीवरील बटणावर नातीनें कागद चिकटविला आहे: ‘आजोबा, हात लावूं नका.’