‘जातो’ आणि ‘जायलोय’ : सीमाभागातील मुलांचे इंग्रजी



बेळगावाहून बागलकोटच्या रस्त्याने पूर्वेकडे निघाले की सुमारे १० किलोमीटरवर सांबरा लागते. या गावाचे नाव दूरवर पोहोचले ते तेथील विमानतळामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ साली, येथे धावपट्टी तयार झाली. पुढे वायुदलाची प्रशिक्षण संस्था आली, नागरी विमाने उतरू लागली. शेतात भांगलण करणाऱ्या बाईला डोक्यावरून जाणाऱ्या विमानाचे नवल उरले नाही, त्यालाही आता पुष्कळ वर्षे झाली. मात्र विमानतळाच्या कुंपणाबाहेरील गावाला आतील भाषा अजून परकीच वाटते. ती भाषा इंग्रजी होय.

सांबऱ्यातील मराठी घरातले मूल तीन भाषांच्या मध्ये वाढते. घरात मराठी, बसमध्ये आणि कचेरीत कन्नड, आणि शाळेच्या पुस्तकात इंग्रजी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हापासून या भागाची राज्यभाषा कन्नड आहे. मराठी शाळाही आहेत. या परिस्थितीचे राजकारण हा येथील विषय नव्हे. विषय एवढाच की, दहावी उत्तीर्ण झालेला मुलगा नोकरीच्या मुलाखतीला बसतो, समोरचे गृहस्थ ‘व्हॉट डू यू डू?’ असे विचारतात, आणि मुलगा प्रामाणिकपणे ‘आय ॲम सिटिंग’ असे उत्तर देतो. समोर हसू फुटते. मुलाला वाटते, आपल्याला इंग्रजी येत नाही. वास्तविक त्याला शब्दही येत होते आणि वाक्यरचनाही येत होती. प्रश्न होता ‘उद्योगधंदा काय करतोस?’ असा, आणि त्याने उत्तर दिले ते ‘आत्ता काय करीत आहेस?’ याचे. ‘डू यू डू’ आणि ‘आर यू डूइंग’ यांतील अंतर त्याला कोणी दाखवून दिले नव्हते. एवढ्याशा फरकावर कित्येकदा पोटापाण्याचा प्रश्न अडतो, म्हणून साध्या वर्तमानकाळासारख्या प्राथमिक विषयाचा विचार येथे थोडा विस्ताराने करावयाचा आहे.

प्रमाण मराठीत ‘मी जातो’ हे रूप फार कामसू आहे. ‘मी रोज शाळेत जातो’ यात ते सवय सांगते. ‘बरं, मी जातो’ असे म्हणून माणूस उंबरठा ओलांडतो, तेव्हा ते त्या क्षणीची क्रिया सांगते. ‘उद्या मी निपाणीला जातो’ यात ते भविष्यही सांगते. इंग्रजीत या तीन कामांना सहसा तीन निरनिराळी रूपे लागतात. त्यांतील ‘आय गो’ हे मुख्यतः सवयीचे व नित्य सत्याचे रूप आहे. शिवाय मराठी निरोप घेताना ‘येतो’ असे म्हणते. कन्नड माणूसही त्याच वेळी ‘बरुत्तेने’, म्हणजे ‘येतो’, असेच म्हणतो. दोन्ही भाषांच्या मते ‘जातो’ म्हणून निघणे बरे नव्हे. हाच मुलगा शिक्षकांचा निरोप घेताना ‘सर, आय कम’ म्हणाला तर त्यात त्याचे संस्कारच बोलत असतात. आणि आईने हाक मारल्यावर ‘आलो, आलो!’ असे ओरडणारे पोर अजून अंगणातच असते. मराठीत येथे भूतकाळ चालतो, इंग्रजीला ‘आय ॲम कमिंग’ हवे असते.

व्याकरणाच्या पुस्तकात वर्तमानकाळाचे साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीति असे प्रकार दिलेले असतात. यांतील रीति वर्तमानकाळ, म्हणजे ‘मी रोज शाळेत जात असतो’ हे रूप, अनेक चुकांचे उगमस्थान आहे. मूल त्याचे शब्दशः रूपांतर करते आणि ‘आय ॲम गोइंग टू स्कूल डेली’ असे वाक्य जन्माला येते. ‘आहे’, ‘असतो’ दिसले की ‘ॲम’ किंवा ‘इज’ घालावयाचे, अशी खूणगाठ मुलांनी मनाशी बांधलेली असते. त्याच खुणेने ‘मला दोन भाऊ आहेत’ याचे ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ होते आणि ‘मला माहीत आहे’ याचे ‘आय ॲम नोइंग’ होते. माहीत असणे, आवडणे, जवळ असणे या स्थिती आहेत, चालू क्रिया नव्हेत. म्हणून इंग्रजी तेथे साधा वर्तमानकाळच वापरते.

आता एक गोष्ट विशेष लक्ष देऊन पाहण्याजोगी आहे. निपाणीपासून बेळगावपर्यंतच्या खेड्यांत घरोघरी जी बोली बोलली जाते, तिच्यात हा फरक स्वच्छ आहे. ‘मी शाळेला जातो’ म्हणजे नेहमी जातो. ‘मी शाळेला जायलोय’ म्हणजे या क्षणी वाटेवर आहे. ‘जेवतो’ निराळे, ‘जेवायलोय’ निराळे. उच्चार गावागणिक थोडा बदलतो, परंतु चालू क्रियेसाठी वेगळे रूप ठेवण्याची पद्धत कायम राहते. उत्तर कर्नाटकातील कन्नड बोलीतही ‘होगुत्तेने’च्या शेजारी ‘होगाकत्तीनि’ असे चालू क्रियेचे खास रूप आहे. म्हणजे इंग्रजी जो भेद मागते तो सांबऱ्याच्या पोराजवळ पाटी हातात धरण्यापूर्वीपासून आहे, आणि तोही दोन भाषांत.

आणि शाळेत काय घडते? मूल ‘जायलोय’ म्हणाले की त्याला ‘जात आहे असे म्हण, हे गावंढळ आहे’ असे सांगितले जाते. प्रमाण भाषा शिकविणे हे शाळेचे कर्तव्य आहे, याविषयी वाद नाही. मराठीच्या तासाला ते अवश्य व्हावे. पण इंग्रजीच्या तासाला हीच बोली फळ्यावर यावयास हवी. एका बाजूला ‘जेवतो’ आणि त्याखाली ‘आय ईट’. दुसऱ्या बाजूला ‘जेवायलोय’ आणि त्याखाली ‘आय ॲम ईटिंग’. दोन रकाने आणि चार-सहा क्रियापदे एवढ्याने जे काम होते, ते व्याख्या पाठ करवून होत नाही. ज्या बोलीची मुलाला लाज वाटावयास लावले, तीच बोली येथे उपयोगी पडते. सांबऱ्याच्या शिक्षकाला तर खिडकीबाहेर आयते उदाहरण आहे. विमान रोज येते : ‘द प्लेन कम्स एव्हरी डे’. आणि आवाज वाढून मुले बाहेर डोकावू लागली, की ‘लुक, द प्लेन इज कमिंग’.

एका ठिकाणी मात्र बोलीही हात देत नाही. ‘आजोबा कट्ट्यावर बसले आहेत’, ‘बाळ झोपले आहे’ ही मराठीत पूर्ण वर्तमानकाळाची रूपे आहेत. बसण्याची क्रिया पुरी झाली, आता तिची स्थिती उरली, असा मराठीचा हिशेब आहे. कन्नडचाही तोच. इंग्रजीच्या दृष्टीने आजोबा अजून बसतच आहेत : ‘ग्रँडफादर इज सिटिंग’, ‘द बेबी इज स्लीपिंग’. येथे मुले ‘हॅज सॅट’, ‘हॅज स्लेप्ट’ असे लिहितात. बसणे, झोपणे, उभे राहणे, टेकणे, अंगात कपडे असणे ही मोजकी क्रियापदे वेगळी काढून शिकवावीत.

तिसऱ्या पुरुषाच्या एकवचनी कर्त्याबरोबर क्रियापदाला लागणारा ‘स’ ही शिक्षकांची जुनी डोकेदुखी आहे. ‘ही गो’, ‘माय मदर कुक’ अशी वाक्ये दहावीपर्यंत टिकून राहतात. जातो, जाते, जातोस, जातेस, जाता, जातात असा रूपांचा पसारा लीलया सांभाळणाऱ्या मुलाला हा एकच प्रत्यय जड का जावा? एक कारण असे की मुलाने ‘स’ची ओळख प्रथम अनेकवचनाची खूण म्हणून करून घेतलेली असते : ‘बॉय’, ‘बॉइज’. मग ‘बॉइज गोज’ हे त्याला सुसंगत वाटते आणि ‘बॉय गोज’ विपरीत वाटते. परंतु दोष केवळ मराठीचा किंवा मराठी मुलाचा नाही. स्पॅनिश ही मराठीसारखीच क्रियापदाला पुरुष-वचनाचे प्रत्यय लावणारी भाषा आहे. तिच्यात कर्ता न उच्चारताही तो कोण हे क्रियापदावरून कळते. तरीही स्पॅनिश बोलणारी मुले इंग्रजी शिकताना नेमकी याच ‘स’वर अडखळतात. १९७४ साली ड्यूले आणि बर्ट या संशोधकांनी अमेरिकेतील स्पॅनिश व चिनी मातृभाषांच्या मुलांचे इंग्रजी तपासले. दोन मातृभाषा इतक्या भिन्न असूनही इंग्रजी प्रत्यय आत्मसात करण्याचा त्यांचा क्रम पुष्कळसा सारखा निघाला. ‘इंग’ लवकर येते, आणि हा ‘स’ फार उशिरा येतो. रॉजर ब्राउन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील लहान मुलांविषयीही साधारण असेच दिसले होते.

शाळा तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानी घ्यावी. पाचवी-सहावीच्या वह्यांत ‘स’ गळलेला दिसला म्हणून शिक्षक आळशी ठरत नाही. तो प्रत्यय सांगावा, दाखवावा, पुनःपुन्हा कानावर घालावा, पण त्यापायी मुलाचे बोलणे मध्येच तोडू नये. नकारार्थी आणि प्रश्नार्थी वाक्यांसाठी एवढे सांगितले तरी पुरे, की साध्या वाक्यात हा ‘स’ एकदाच बसतो. ‘डझ’ आले की त्याने तो घेतला. म्हणून ‘ही डझ नॉट गो’, ‘गोज’ नव्हे.

आता क्रियाविशेषणांकडे वळावे. क्रियाविशेषण हे अव्यय, म्हणून ते बदलत नाही, असे मुले पाठ करतात. प्रत्यक्षात मराठी माणूस ‘तो चांगला गातो’, ‘ती चांगली गाते’ असे म्हणतो, म्हणजे विशेषणाकडूनच क्रियाविशेषणाचे काम करवून घेतो आणि त्याला लिंगवचनही लावतो. त्यामुळे ‘शी सिंग्ज गुड’ हे वाक्य आपोआप तोंडी येते. तेथे ‘वेल’ हवे. बहुतेक ठिकाणी ‘ली’ हा प्रत्यय लावला की काम भागते : ‘स्लो’चे ‘स्लोली’, ‘क्विक’चे ‘क्विकली’. स्पॅनिशमध्येही ‘मेंते’ हा असाच एक प्रत्यय आहे. मात्र जे मूल हा नियम उत्साहाने सर्वत्र लावते ते खड्ड्यात पडते. ‘हार्ड’ म्हणजे कष्टाने. ‘हार्डली’ म्हणजे जवळजवळ नाहीच. नोकरीच्या अर्जात ‘आय वर्क हार्डली’ असे लिहिणारा तरुण आपण काम करीत नसल्याची लेखी कबुली देत असतो. ‘लेट’ म्हणजे उशिरा, ‘लेटली’ म्हणजे अलीकडे. हे दोन शब्द तरी प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवण्याच्या योग्यतेचे आहेत.

मराठीची खरी श्रीमंती हळूहळू, पटापट, झटकन, टपटप, धडाधड अशा शब्दांत आहे. इंग्रजीला अशी द्विरुक्ती सहसा मानवत नाही. ‘स्लोली स्लोली’ हे वाक्य समजते, पण खटकते. पुष्कळदा इंग्रजी हा अर्थ क्रियापदातच भरते. पाणी टपटप पडते याला ‘ड्रिप’ हा एकच शब्द पुरतो. उलट काही ठिकाणी मराठीचा एक शब्द इंग्रजीला लांबवून सांगावा लागतो. ‘परवा’ हा मागचाही आणि पुढचाही. क्रियापद ऐकल्याखेरीज मराठी माणसालाही त्याची दिशा कळत नाही. इंग्रजीत त्यासाठी ‘द डे बिफोर यस्टर्डे’ किंवा ‘द डे आफ्टर टुमारो’ असे चार शब्द जोडावे लागतात, आणि त्यापूर्वी कोणता परवा हे ठरवावे लागते.

शब्दांच्या जागेचा प्रश्न याहून मोठा आहे. ‘मी उद्या बेळगावला बसने जाणार’ या वाक्यात आधी काळ, मग स्थळ, मग रीत आणि शेवटी क्रिया येते. इंग्रजीत क्रिया पुढे जाते आणि बाकीचे बहुधा उलट्या क्रमाने मागे लागते : ‘बाय बस’, ‘टू बेळगाव’, ‘टुमारो’. मुलांना पाच चिठ्ठ्या देऊन उभे केले, आणि कर्ता जागीच ठेवून बाकीच्यांना उलट क्रमाने उभे राहावयास सांगितले, तर हा नियम ती खेळता खेळता शिकतात. ‘ऑलवेज’, ‘ऑफन’, ‘नेव्हर’ या वारंवारतेच्या शब्दांची जागा मात्र वेगळी. ती क्रियापदाच्या अगोदर : ‘ही ऑलवेज कम्स लेट’. पण ‘इज’ असेल तर त्याच्या नंतर : ‘ही इज ऑलवेज लेट’. ‘नेव्हर’बाबत आणखी एक सावधगिरी हवी. मराठीत ‘तो कधीच येत नाही’ यात ‘नाही’ लागते. इंग्रजीत ‘नेव्हर’च्या पोटातच नकार आहे, म्हणून ‘ही नेव्हर कम्स’ एवढेच पुरे. गंमत म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘कधीच’ हा शब्द क्रियापदानंतर आला तर अगोदर नकारही घालावा लागतो, त्यामुळे तिकडील मुलेही मराठी मुलांप्रमाणेच दोन नकार एकत्र लिहितात.

पालकांपैकी अनेकांना इंग्रजी येत नाही, म्हणून आपण मुलाला काय शिकविणार, असे त्यांना वाटते. त्यांनी इंग्रजी शिकविण्याची गरजच नाही. संध्याकाळी चुलीपाशी बसलेल्या मुलाला आईने ‘काय करायलास?’ असे विचारावे, आणि नंतर ‘रोज शाळेत काय करतोस?’ असेही विचारावे. मुलाने दोन्हींची उत्तरे आधी घरच्या बोलीत द्यावीत, मग इंग्रजीत. आईला इंग्रजी उत्तर समजले नाही तरी ‘इंग’ कोणत्या उत्तरात ऐकू आले आणि कोणत्यात नाही, एवढे तिला नक्की कळेल.