बाबांच्या दुमजली गाड्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझ्याकडे विषय आला तो आपल्या सहलीमुळे. मुंबईस बोरीबंदरासमोर आपण सगळ्याजणी त्या नव्या, विजेवर चालणाऱ्या दुमजली गाडीत बसलो होतो, हे आपणांस आठवत असेल. गार हवा, बंद काचा, दोन दारे, दोन जिने, सगळा थाट होता. वरच्या मजल्यावर अगदी पुढे बसलेल्या आपल्या आजींनी मागे वळून मला विचारले, "ह्याच का वं तुझ्या बापाच्या गाड्या?" मी म्हटले, "नाही आजी, त्या वेगळ्या." "मग त्या कुठं गेल्या?" गाडीत मला धड उत्तर देता आले नाही. ते आज देते.

माझे वडील दादरच्या कार्यशाळेत सुतार होते. बसच्या कारखान्यात सुताराचे काय काम, असे माझ्या सासरी सर्वांनीच विचारले होते. परंतु त्या काळच्या पुष्कळ बसगाड्यांचा सांगाडा लाकडी असे. खालचा साटा, म्हणजे चासी, लोखंडाचा. त्यावर सागाच्या खांबांचा आणि आडव्या पट्ट्यांचा पिंजरा. आणि पिंजऱ्यावर बाहेरून पत्रा. आपल्याला दिसतो तो पत्रा. गाडी उभी असते ती आतल्या लाकडावर. बाबांच्या हाती जो साग येई त्याला ते 'सी.पी.चा साग' म्हणत. मुंबईच्या लाकूडबाजारात हे नाव फार मानाचे. सी.पी. म्हणजे जुना मध्यप्रांत, आणि बल्लारशाच्या वखारीतून जाणारा तो साग आपल्या आलापल्लीकडच्या जंगलातलाच. माझे लग्न ठरून मी इकडे यायला निघाले तेव्हा आई रडत होती. बाबा मात्र म्हणाले, "जन्मभर ज्या रानाच्या लाकडावर रंधा मारला, तिकडेच चालली आहेस. परकी कशी होशील?" इकडे येऊन आता चाळीस वर्षे झाली, पण त्या वाक्याचा आधार मला अजून वाटतो.

आता थोडा इतिहास, कंटाळा येणार नाही इतकाच. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ साली सुरू झाली, विजेची १९०७ साली, आणि १९२० मध्ये ट्रामलाच दुसरा मजला चढला. पहिली मोटारबस धावली १५ जुलै १९२६ रोजी, अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत. दुमजली बस आली १९३७ साली. गर्दी वाढत होती, रस्ते तेवढेच होते. तेव्हा जागा वरच्या बाजूला शोधायची हा सरळ हिशेब. मुंबईच्या घरांनीही तेच केले. एकोणीसशे नव्वदीच्या सुरुवातीस अशा सुमारे नऊशे गाड्या बेस्टकडे होत्या. मग त्या कमी होत गेल्या. एका गाडीस दोन कंडक्टर लागत, एक खाली, एक वर; खर्च फार येई. २००८ नंतर नवी दुमजली गाडी घेतली नाही, आणि घेतलेल्या गाड्यांचे आयुष्य पंधरा वर्षांचे धरलेले. पंधरा वर्षे भरली ती २०२३ साली. १५ सप्टेंबर २०२३ रोजी अंधेरीत ४१५ क्रमांकाच्या मार्गावर शेवटची जुनी दुमजली बस धावली. बिनछपराच्या गाड्याही त्यानंतर ऑक्टोबरात थांबल्या.

तेव्हा बसवर प्रेम करणाऱ्या काही लोकांनी सरकारला आणि बेस्टला लिहून कळवले की निदान दोन गाड्या तरी आणिक आगारातल्या संग्रहालयात जपून ठेवा. नऊशेंतल्या दोन! एवढी मागणीही पत्र लिहून करावी लागते, ह्याचे मला नवल वाटत नाही. ट्रामची गोष्ट मला ठाऊक आहे.

३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदराहून दादरकडे शेवटची ट्राम गेली. लोक दुतर्फा उभे होते, म्हणतात. मग रूळ उखडले, काही ठिकाणी डांबराखाली बुजवले, आणि डबे भंगारात गेले. पुढे काही वर्षांनी मुंबईला वाटले, आपली एक ट्राम लोकांना पाहायला ठेवावी. तेव्हा ट्राम आणावी लागली कोलकात्याहून. तिची डागडुजी केली, मुंबईच्या ट्रामसारखे रूप दिले, आणि २०२१ मध्ये बोरीबंदरासमोरच्या भाटिया बागेत ती उभी केली. सहलीत आपण तिच्यापुढे उभे राहून छायाचित्र काढले. आपल्या घरातला पाटा-वरवंटा टाकून द्यावा आणि नातवंडांना दाखवायला शेजारणीचा मागून आणावा, तशातला हा प्रकार. छायाचित्र चांगले आले, पण खरे सांगते, ते मी घरात लावलेले नाही.

आता मूळ प्रश्न. जुनी गाडी सापडली तर ती पुन्हा उभी कशी करतात? बाबा निवृत्त झाल्यावर जुन्या मोटारी सांभाळणारे हौशी लोक त्यांना सल्ला विचारायला येत. मी माहेरी गेले की ओसरीवर बसून हे बोलणे ऐकत असे, म्हणून थोडेफार ठाऊक आहे.

बाबांचा पहिला नियम असा की रंगाच्या डब्याला आधी हात लावायचा नाही. हौशी माणूस हमखास तेच करतो. गाडी आणली की लाल रंग फासला, चाके चमकवली, की झाली नवी! आत कुजलेले तसेच राहते. आधी गाडीखाली निजून चासी पाहायची. मग खिडक्यांखालची पट्टी. पाऊस काचेवरून ओघळतो तो तेथेच मुरतो, आणि लाकूड आतून भुसा होते. बाबा साध्या टोच्याने टोचून पाहत. टोच्या अडला तर लाकूड जिवंत, आत गेला तर मेले. मग जिना. दुमजली गाडीचा जिना माणसांच्या पायांनी झिजतो आणि त्याच्या तळाशी पाणी साचते, तेव्हा गाडीचे वय ओळखायचे असेल तर तिचा जिना पाहावा.

दुसरा नियम मला फार आवडे. कुजलेला तुकडा काढला तरी तो फेकायचा नाही. त्याच्या जागी बसणारा नवा तुकडा पुरा होईपर्यंत जुना जवळ ठेवायचा, कारण माप त्याच्यात असते. आपण शिंपिणीकडे मापाचा ब्लाउज नेतो ना, तसेच. ब्लाउज उसवलेला का असेना, बाही त्यावरूनच बेतायची. नकाशे हरवतात, कारागीर जातात. मग कुजकी फळीच सांगते की येथे गोलाई किती आणि खाच कोठे.

इंजिनाचे काम बाबांचे नव्हे, पण त्यांच्या मित्राकडून मी ऐकले आहे. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे इंजिन आतून धरते, जाम होते. अशा वेळी बॅटरी लावून ते जोराने फिरवू गेले तर मोडते. वरून तेल सोडायचे आणि वाट पाहायची, आठ दिवस, कधी महिना. मग हाताने, हळूच, बोटभर फिरते का ते पाहायचे. डिझेलची टाकी धुवायची, कारण तळाशी गाळ साचलेला असतो. तारा सगळ्या बदलायच्या. त्यांच्यावरचे वेष्टन कडक होऊन तडकते आणि आग लागते. टायर वर नुसते दिसायला चांगले असतात, आतून रबर मेलेले असते. ह्या सगळ्यावर पैसा जातो आणि बाहेरून पाहणाऱ्यास त्यातले काहीही दिसत नाही. म्हणून वर्गणी मिळत नाही. वर्गणी रंगाला मिळते! आपल्या मंडळाच्या खजिनदारबाईंना हे वेगळे सांगायला नको.

विलायतेत, लंडनला, रूटमास्टर नावाच्या दुमजली गाड्या होत्या. १९५४ ते १९६८ ह्या काळात पावणेतीन हजारांहून अधिक बांधल्या. ९ डिसेंबर २००५ रोजी त्या नेहमीच्या मार्गांवरून गेल्या, परंतु आजही पुष्कळ गाड्या लोकांनी स्वतःच्या खर्चाने सांभाळल्या आहेत. त्यांना ते साधले ह्याचे कारण मला मोठे मजेदार वाटले. त्या गाड्यांचे भाग एकमेकींना बसत. लंडनजवळच्या कारखान्यात दुरुस्तीसाठी गाडी आली की वरचा सांगाडा उचलून बाजूला नेत, आणि परत जाताना तो भलत्याच गाडीच्या खालच्या भागांवर बसे. मग मूळची गाडी कोणती? मी हे बाबांना विचारले होते. ते म्हणाले, "तुझ्या आजीच्या गोधडीत आजीच्या लुगड्याचा तुकडा आता एकच राहिला आहे. तरी आपण तिला आजीचीच गोधडी म्हणतो की नाही?"

पण सगळ्याच गाड्या उठत नाहीत. २०१६ च्या डिसेंबरात येथे डोंगरावर पंचाहत्तरांहून अधिक वाहने जाळली गेली. ते काळे सांगाडे आपल्यापैकी कितीतरी जणींनी पाहिले आहेत. ते दिवस आठवले की अजून बोलवत नाही, आणि मी त्यावर भाषण करणार नाही. एवढेच सांगते की आगीत सापडलेल्या लोखंडाचे पाणी जाते. कमानी ढिल्या पडतात, चासी वाकते, आणि वरून कितीही ठाकठीक केली तरी अशा गाडीत माणसे बसवता येत नाहीत. कुजलेले लाकूड बदलता येते. जळलेल्या साट्यावर विश्वास टाकता येत नाही. बाबा हयात असते तर त्यांनीही टोच्या बाजूला ठेवला असता.

आपल्यापैकी काहीजणींनी सुचवले होते की एखादी जुनी एस.टी. लिलावात घेऊन मुलींसाठी वाचनालय करावे. कल्पना वाईट नाही. पुण्यात जुन्या बसगाड्यांची स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे केलेली आहेत. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी गाड्या रस्त्यावरून काढायचा नियम झाला आहे, तेव्हा जुन्या गाड्यांना तोटा नाही. परंतु मी ह्याला विरोध केला होता आणि आजही करते, मग रागावा माझ्यावर. उभ्या गाडीला छप्पर राखावे लागते, दरवर्षी पावसाळ्यापूर्वी डागडुजी करावी लागते. ती कोण करणार? आणि दुसरे असे की आपल्या मुलींना उभ्या बसपेक्षा चालत्या बसची निकड जास्त आहे. तिकीट स्त्रियांना २०२३ च्या मार्चपासून निम्मे झाले, शाळेच्या मुलींना पास फुकट आहे. पण पास हातात घेऊन मुलगी खाणीच्या ट्रकांची धूळ खात रस्त्यावर तासभर उभी राहिली, तर पासाचा उपयोग काय? अर्ज लिहायचाच तर त्या संध्याकाळच्या फेरीसाठी लिहू. पहिली सही माझी.

तरीही काही जपायचे आहेच, आणि ते गाडीपेक्षा पुष्कळ लहान आहे. १ जानेवारी २०२५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस ह्यांच्या हस्ते वांगेतुरी–गर्देवाडा–गट्टा–अहेरी अशी एस.टी. सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी त्या बाजूच्या गावांनी दारात एस.टी. पाहिली. मुंबईने १९२६ च्या पहिल्या बसची तारीख लिहून ठेवली, म्हणून मी आज ती तुम्हांला सांगू शकले. आपल्या तालुक्याची ही तारीख शंभर वर्षांनी कोण सांगणार?

गर्देवाड्याकडच्या एक मावशी आपल्याकडे येतात. त्यांनी त्या गाडीतल्या आपल्या पहिल्या प्रवासाचे तिकीट लुगड्याच्या गाठीत बांधून ठेवले होते. मोठ्या हौसेने त्यांनी ते सोडून दाखवले, आणि कागद जवळजवळ कोरा! पूर्वी कंडक्टर पेटीतून रंगीत तिकीट फाडून चिमट्याने भोक पाडून देई. ते छापील असे, पन्नास वर्षे टिके. तसली तिकिटे आणिकच्या संग्रहालयात आहेत. आताच्या यंत्राचा कागद उष्णतेने उमटतो आणि उष्णतेनेच, घामानेच, पुसून जातो. 'अहेरी' एवढी अक्षरे उन्हाकडे धरल्यावर दिसली. मी ती तेथल्या तेथे वहीत उतरवली, आणि मावशींनी प्रवासाची सगळी हकीगत सांगितली तीही लिहून घेतली: कोण कोठे बसले, कोणाला मळमळले, कोणाची कोंबडी निसटली.

ती वही आता कार्यवाहबाईंच्या घरी ठेवली आहे. पहिल्यांदा एस.टी.त बसलात ते साल, ते गाव, तिकिटाचे पैसे, बरोबर कोण होते, जे आठवेल ते सांगायला या. लिहिता येत नसेल तर सून-नात लिहून घेईल. घरात जुने छापील तिकीट असेल, कोणाच्या मालकांचा कंडक्टरचा बिल्ला असेल, तर तोही दाखवा. ठेवून घेणार नाही, नोंद करून परत देऊ. मी बाबांचा रंधा आणला आहे, तो चहाच्या वेळी मेजावर ठेवते, हातात घेऊन पाहा.

आणि आजी, आपल्या सहलीचे दुमजली गाडीचे तिकीट मी जपून ठेवले होते. काल पिशवी उघडून पाहिले. त्यावर आता काहीच वाचता येत नाही. तुम्ही वर पुढच्या बाकावर डाव्या हाताला बसला होतात, एवढे मी वहीत लिहिले आहे.