लोक घाबरलेत, ते ऑप्शन सांगतं. कुठं जाणार, ते नाही

सोलापुरातून बोलतोय. ऑप्शनच्या आकड्यांतून बाजाराचा मूड कळतो का, ते आज बघू.

एक्झिट पोलनंतरचा सोमवार, ३ जून २०२४. निफ्टी ७३३ पॉइंट वर. नव्या पेठेत चहाच्या टपरीवर मित्र म्हणाला, ‘आता थांबत नाय बे!’ मी कॉल घेतले. इंडिया व्हिक्स बघितलाच नाही. २३ एप्रिलला तो १०च्या आसपास होता, त्या सोमवारी २०च्या वर. म्हणजे बाजार चढला तरी प्रीमियम महागच होते. लोक पैसे मोजून विमा काढत होते. दुसऱ्या दिवशी निकाल लागला, निफ्टी जवळपास ६ टक्के पडला. बहिणीच्या फीचे १८ हजार गेले. घरी दोन महिने बोललो नाही.

व्हिक्स दिशा सांगत नाही बरं का. पुढच्या ३० दिवसांत बाजार किती हलेल, एवढाच अंदाज देतो. पुट-कॉल रेशोही फसवा. पुट जास्त, म्हणजे घेणारे घाबरलेत की विकणारे बिनधास्त आहेत? प्रत्येक सौद्यात दोघंही असतातच.

सेबीच्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमधले १०० पैकी ९३ छोटे ट्रेडर तोट्यात होते. माझे बहिणीला अजून ६ हजार द्यायचेत.