डेंग्यू, चरबी आणि आईचा फोन

मी मूळचा चंद्रपूरचा, सध्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो.

गेल्या पावसाळ्यात धाकट्या भावाला डेंग्यू झाला. आईचा फोन आला, "अरे, ग्रुपवर आलंय, हा व्हायरस चरबीवर जगतो म्हणे. मी त्याचं तेल-तूप बंद केलं." म्हटलं, "आई, थांब, वाचून सांगतो."

मेसेज अर्धा खरा निघाला. डेंग्यूच्या व्हायरसचा सगळा कोड जेमतेम ११,००० अक्षरांचा. त्यातून फक्त १० प्रथिनं बनतात. एवढ्यात स्वतःचं इंजिन कुठून येणार? तो आपल्या पेशीचं सामान वापरतो. पेशीत चरबीचे बारीक थेंब साठवलेले असतात, कणगीतल्या धान्यासारखे. व्हायरस पेशीला ते थेंब फोडायला लावतो आणि त्या चरबीतून ऊर्जा काढून घेतो. शिवाय चरबी बनवणारं पेशीचं एन्झाइम आपल्या कामाच्या जागी ओढून नेतो. काऊन? तर नव्या प्रती काढायला त्याला पातळ पडदे लागतात, आणि ते पडदे चरबीचेच.

मग तूप बंद केलं तर तो उपाशी मरेल? नाही. पेशी स्वतःच चरबी बनवते, अगदी साखरेपासूनसुद्धा. व्हिएतनाममध्ये ३०० रुग्णांवर कोलेस्टेरॉल कमी करणारी लोव्हास्टॅटिन गोळी तपासली गेली. २०१६ मध्ये निकाल आला: गोळी सुरक्षित, पण डेंग्यूवर फायदा दिसला नाही. आजारी माणसाचं जेवण तोडून तर काहीच साधत नाही.

खरा धोका वेगळाच आहे. चौथ्या दिवशी भावाचा ताप उतरला, आई खूश झाली. पण ताप उतरतो तेव्हाच रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागू शकतं. भावाचं पोट दुखायला लागलं, उलट्या थांबेनात. मी म्हटलं, "आत्ताच दवाखान्यात न्या." सलाईन लागलं, तो वाचला.

म्हणून लक्षात ठेवा. पोटदुखी, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती दिसली, की थांबू नका. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका. गडचिरोलीकडच्या मित्रांनो, ताप म्हटला की आपण मलेरिया धरतो. पण मलेरियाची टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे विषय संपला नाही, डेंग्यूचंही विचारा.

आणि उन्हाळा संपला तरी कूलरच्या टाकीत पाणी तसंच आहे ना? आजच रिकामी करून घासा. डास तिथेच वाढतात.

भेटू पुढच्या भागात!