साक्षीदारांना नावे नाहीत



कामगारांवरील चौकशीत त्यांच्या बाजूने उभे राहण्यात माझी उमर गेली. ‘आठवत नाही’ आणि ‘वरून हुकूम होता’ ही दोन उत्तरे मी पुष्कळ ऐकली. त्याच उत्तरांवर उभ्या असलेल्या एका नाटकाविषयी आज बोलतो.

आउश्वित्झच्या छळछावणीतील अधिकारी व नोकर यांच्यावर जर्मनीत फ्रँकफुर्ट येथे १९६३ ते १९६५ या काळात खटला चालला. नाटककार पीटर वाइस तेथे जाऊन बसला आणि त्या जबान्यांतून त्याने ‘चौकशी’ हे नाटक रचले. १९ ऑक्टोबर १९६५ रोजी पूर्व व पश्चिम जर्मनीतील अनेक रंगमंदिरांत ते एकाच दिवशी झाले. न्यायालयाचा देखावा उभारू नये, अशी त्याची सूचना होती. अठरा आरोपी खऱ्या नावांनी उभे राहतात. साक्षीदार मात्र निनावी. छावणीने त्यांची नावेच काढून घेतली होती. उरले होते ते नंबर.

कारखानदारही त्यात सुटत नाहीत. छावणीशेजारी ईगे फार्बेन कंपनीचा कारखाना होता. कुशल कैद्यामागे रोजचे चार मार्क, अकुशलामागे तीन. पैसे मिळत ते एस्.एस्.ला. राबणाऱ्याला काय मिळे? मरण!

एक दोष मात्र मी झाकणार नाही. या नाटकात ‘ज्यू’ हा शब्दच येत नाही. शोषणाचा हिशेब मांडणे मला पटते. पण ज्यांना ज्यू म्हणून मारले, त्यांना ज्यू म्हणूनच आठवले पाहिजे. नाही तर त्यांचे नाव दुसऱ्यांदा जाते.

तरीही नाटकाचे बळ मोठे. १९९४ च्या हत्याकांडातून गेलेल्या रवांडाच्या नटांनी तेच हाती घेतले आणि ते देशोदेशी फिरवले. २००७ साली लंडनच्या यंग व्हिक नाट्यगृहातही त्यांचे प्रयोग झाले. दिग्दर्शकांपैकी दॉर्सी रुगाम्बा यांचे कुटुंबीय त्याच हत्याकांडात गेले होते. देश दुसरा, भाषा दुसरी, मेलेली माणसे दुसरी. पण शब्द बदलावे लागले नाहीत. याचीच मला भीती वाटते.

नाटकात निकाल नाही. शेवटचे भाषण आरोपीचे: राष्ट्र पुन्हा उभे राहिले आहे, आता जुने कशाला उकरता? पडदा पडल्यावर या प्रश्नाचे उत्तर प्रेक्षकाला घरी न्यावे लागते. मित्रहो, तेच मी आज आपल्या स्वाधीन करतो.